जानेवारीत कालगुर्लीला जावं का? (पश्चिम ऑस्ट्रेलियातलं सोन्याच्या खाणींचं गाव)

माधवी_ठाणे | ४ डिसेंबर, रात्री ९.४०

मंडळी, सल्ला हवाय. मुलगा पर्थला असतो. डिसेंबरच्या शेवटी आम्ही त्याच्याकडे जातोय : मी, अहो आणि साबा (म्हणजे सासूबाई, वय ७६, चालायला ठणठणीत, ऐकू सोयीपुरतं). किंग्ज पार्क, रॉटनेस्ट, मार्गारेट रिव्हर हे सगळे करतात ते आमचंही ठरलंय. पण अहोंनी कुठेतरी कालगुर्लीच्या खाणीचा विमानातून काढलेला फोटो पाहिला आणि तेव्हापासून दुसरं काही बोलत नाहीत. लेकाचं म्हणणं, जानेवारीत तिकडे काळं कुत्रंही फिरकत नाही, जुलैत या.

जुलैत परत कोण पाठवतंय आम्हाला?

तर प्रश्न असे. ऊन नक्की किती असतं? गाडीने जावं की ट्रेनने? एवढं लांब जाऊन खड्ड्याशिवाय बघण्यासारखं काही आहे का? आणि शाकाहारी माणसाचं पोट भरेल ना?

नित्या_पर्थ | ४ डिसेंबर, रात्री १०.५५

माधवीताई, लेकही बरोबर आणि अहोही बरोबर, तेव्हा आता निकाल तुम्हीच द्या. :)

पर्थपासून सुमारे ६०० किमी. रस्ता एकच, ग्रेट ईस्टर्न हायवे. ठरवून चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. सुरुवातीला थोडा डोंगर, मग गव्हाची शेतं (जानेवारीत कापणी झालेली असते, नुसती पिवळी खुंटं), आणि सदर्न क्रॉस हे गाव सोडलं की थेट जंगल. वाळवंट दिसेल या आशेने जाणारे इथे फसतात. हा 'ग्रेट वेस्टर्न वुडलँड्स'चा पट्टा आहे, तांबूस चकचकीत खोडांचे सामन गम नावाचे निलगिरीचे भाऊबंद मैलोन्‌मैल.

गाडी घेतलीत तर एक नियम पाळा. सूर्य कलला की गाडी चालवायची नाही. कांगारू त्याच वेळी रस्त्यावर येतात आणि हेडलाइट दिसला की बाजूला व्हायचं सोडून समोर उडी मारतात. दुसरं म्हणजे रोड ट्रेन, म्हणजे लांबलचक ट्रक. एका इंजिनामागे तीन तीन ट्रेलर, काही तर पन्नास मीटरच्या वर लांब. ओव्हरटेकची लेन येईपर्यंत मागे निमूट राहा.

ट्रेनचं नाव 'प्रॉस्पेक्टर'. ती ईस्ट पर्थ टर्मिनलवरून सुटते, शहरातल्या मुख्य पर्थ स्टेशनवरून नाही, हे तिकिटावर नीट वाचा. सात तासांच्या आत पोचवते, एसी आहे, आत चहा-सँडविचचा काउंटर आहे. साबांना ही बरी. पण मग तिथे उतरून फिरायला गाडी भाड्याने घ्यावी लागेल, कारण खाण, म्युझियम आणि जुनं बोल्डर गाव यांमधलं अंतर त्या उन्हात चालायचं नाही.

चांदेकर | ५ डिसेंबर, सकाळी ७.१०

उन्हाचं काय घेऊन बसलात. आम्ही चंद्रपूरचे. मे महिन्यात ४७ ला आमच्याकडे लग्नं लागतात आणि पंगतीही उठतात. तिकडचं जास्तीत जास्त किती असेल?

खाणवाला | ५ डिसेंबर, सकाळी ११.२५

चांदेकर, मी घुग्गुसला कोळशात नोकरी केली आहे आणि नंतर कालगुर्लीत सोन्यातही. त्यामुळे दोन्ही उन्हांचा हिशेब मांडू शकतो. :)

कालगुर्लीचं जानेवारीतलं सरासरी कमाल तापमान ३४ च्या आसपास. ऐकून तुम्ही हसाल. पण या सरासरीवर विसंबू नका. आतल्या वाळवंटाकडून वारा सुटला की पारा सलग काही दिवस चाळिशीच्या वर बसतो. मग दक्षिणेकडून वारा फिरतो आणि एका संध्याकाळीत दहा-पंधरा अंश उतरतात, रात्री चादर लागते. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही भिंती गरम असतात, तसं तिथे सहसा होत नाही.

फरक दोन. एक, हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, जागीच उडून जातो. तहान लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. ओठ फुटतात, नाक आतून सुकतं. दुसरं, सूर्य चामडी जाळतो. तिथली अतिनील किरणं आपल्यापेक्षा कडक, आणि विदर्भात जसे आपण डोक्याला दुपट्टा गुंडाळून दुपारी बारा ते पाच घरात बसतो तशी पर्यटकांची शिस्त नसते. ती तुम्ही पाळा. जानेवारीत पहाटे पाचच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी सातला मावळतं. पाच ते दहा फिरा, मग म्युझियम किंवा खोली, परत पाचनंतर बाहेर.

आणि माशा. चावत नाहीत, पण डोळे, नाक, तोंड काही सोडत नाहीत. टोपीवर घालायची जाळी दुकानात मिळते, ती लाजून घ्यायची राहू नका. तिथे जाळी घातलेल्या माणसाला कोणी हसत नाही, न घातलेल्याला हसतात.

अनिकेत_जी | ५ डिसेंबर, दुपारी १.०५

प्रामाणिक मत देतो, राग मानू नये. आम्ही गेलो होतो. रस्ता कंटाळवाणा, गाव म्हणजे एक रुंद रस्ता आणि दर कोपऱ्यावर पब. काही पबांत तर बारबाला अंतर्वस्त्रांवर बिअर वाढतात आणि त्याची पाटी बाहेर लावलेली असते. सासूबाईंना घेऊन जाताय म्हणून सांगितलं. खाण म्हणाल तर एक भलंमोठं भोक. कठड्याला टेकून बघितलं, फोटो काढला, दहा मिनिटांत संपलं. त्यापेक्षा समुद्रकिनारी दोन दिवस जास्त काढा.

गप्पिष्ट | ५ डिसेंबर, दुपारी १.२०

अनिकेत, साबांना पाटी वाचून दाखवायची जबाबदारी कोणाची होती? :D

खाणवाला, त्या भोकाबद्दल जरा सविस्तर लिहा की. त्या खाणीला 'सुपर पिट' म्हणतात ना, ते म्हणजे नक्की काय तेच मला माहीत नाही.

खाणवाला | ५ डिसेंबर, रात्री ११.५०

लिहितो. जरा लांबेल.

१८९३ च्या जूनमध्ये पॅडी हॅनन, टॉम फ्लॅनगन आणि डॅन शे या तिघा आयरिश माणसांना इथे सोनं सापडलं. त्याच्या आदल्या वर्षी जवळच ४० किमीवर कुलगार्डीला आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड यांना सापडलं होतं, म्हणून सगळे त्या भागात फिरतच होते. हॅननला मिळालं ते वरवरचं, मातीत विखुरलेलं. खरं घबाड थोडं दक्षिणेला बोल्डरच्या बाजूला खडकात होतं. त्या पट्ट्याला 'गोल्डन माइल' म्हणतात.

तिथलं बरंच सोनं टेल्युराइडमध्ये अडकलेलं आहे, म्हणजे टेल्युरियम या मूलद्रव्याशी जोडलेलं. ते सोन्यासारखं पिवळंधमक दिसत नाही. सुरुवातीला लोकांनी हा दगड टाकाऊ समजून रस्त्यातले खड्डे भरायला वापरला आणि नंतर कळल्यावर तेच रस्ते परत खणले, अशी गोष्ट गावात प्रत्येक जण सांगतो.

पुढची नव्वद वर्षं त्या पट्ट्यात डझनावारी कंपन्यांच्या भूमिगत खाणी एकमेकींना खेटून चालल्या. प्रत्येकीचा स्वतःचा शाफ्ट (खाली उतरायची उभी विहीर), स्वतःचे बोगदे. १९८० च्या दशकात अॅलन बाँड या उद्योगपतीने हे सगळे पट्टे विकत घेऊन एकच खाण करायचा घाट घातला. त्याला ते पूर्ण जमलं नाही, पण १९८९ साली सगळं एका कंपनीच्या हाताखाली आलं आणि वरून उघडं खोदकाम सुरू झालं. तोच सुपर पिट. साधारण साडेतीन किमी लांब, दीड किमी रुंद, सहाशे मीटरहून खोल. आज तो नॉर्दर्न स्टार कंपनीकडे आहे.

अनिकेत म्हणतात तसं हे भोकच आहे, पण कसं बघायचं ते सांगतो. कठड्यावरून समोरच्या भिंतीकडे नीट बघा. पायऱ्यापायऱ्यांच्या उभ्या भागांत मध्येच काळी चौकोनी तोंडं दिसतात, कुठे कुठे लाकडाचे ओंडके बाहेर आलेले. ते शंभर वर्षांपूर्वीचे बोगदे. उघडी खाण खाली जाताना त्या जुन्या खाणी कापत जाते. म्हणूनच तिथे यंत्र पुढे न्यायच्या आधी खाली पोकळी आहे का हे ड्रिल करून तपासतात. २०१८ च्या मे महिन्यात भिंतीचा मोठा भाग घसरला, त्याचा परिणाम पुढे काही वर्षं उत्पादनावर होता.

आता सोन्याचं गणित. खनिजात टनामागे एक-दोन ग्रॅम सोनं. वर येणारा एक ट्रक सव्वादोनशे टनांच्या आसपास माल आणतो. म्हणजे ट्रकभर खनिजात साधारण वीस ते चाळीस तोळे, आणि बहुतेक ट्रकांत खनिज नसतंच, नुसता फेकायचा खडक. खनिज असेल ते दळून पिठासारखं करायचं, सायनाइडच्या द्रावणात सोनं विरघळवायचं, कोळशाच्या कणांवर पकडायचं, परत सोडवून वितळवायचं. कठड्यावरून काडेपेटीएवढा दिसणारा ट्रक तळातून वर यायला किती वेळ घेतो ते मोजत बसा. दहा मिनिटांत संपणार नाही.

लुकआउट, म्हणजे कठड्याची ती जागा, फुकट आहे. सुरुंग बहुधा दिवसातून एकदा, त्याची वेळ आधी जाहीर करतात पण वाऱ्यावर अवलंबून बदलते. खाणीच्या आत जायचं तर टूरवाल्यांची बस असते, बंद बूट आणि अंगभर कपडे लागतात.

जाई_पुणे | ६ डिसेंबर, सकाळी ८.३०

वाचतेय. तीस तोळ्यांसाठी सव्वादोनशे टन दगड! घडणावळीबद्दल सोनाराशी यापुढे वाद घालणार नाही.

निवृत्त_अभियंता | ६ डिसेंबर, सकाळी १०.१५

मी पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेला माणूस, त्यामुळे खाणवाल्यांची माफी मागून सांगतो. कालगुर्लीला सोन्यापेक्षा मोठी गोष्ट बघायची असेल तर ती रस्त्याच्या कडेला पडलेली आहे. नळ. माधवीताई, ट्रेनने जा वा गाडीने, तो तुम्हाला मैलोन्‌मैल सोबत करेल.

पार्श्वभूमी अशी. त्या भागात नदी नाही. पाऊस वर्षाला जेमतेम २६० मिमी. सोनं सापडलं आणि हजारो माणसं येऊन पडली, पण प्यायला काय? खाऱ्या तळ्यांचं पाणी लाकूड जाळून उकळायचं आणि वाफ थंड करून गॅलनवर विकायचं, असा धंदा चालायचा. टायफॉइडने माणसं पटापट मरत होती. सोनं धुवायलाही पाणी नाही, म्हणून माती वाऱ्यावर उधळून जड कण खाली पाडायचे. आपल्याकडे खळ्यात धान्य उफणतात ना, अगदी तसंच. दिवसभर ती धूळ नाकातोंडात.

चार्ल्स येल्व्हर्टन ओकॉनर हा तिथला मुख्य अभियंता. जन्माने आयरिश, न्यूझीलंडमध्ये काम केलेला, फ्रीमँटलचं बंदरही त्यानेच बांधलं. त्याने योजना मांडली ती अशी : पर्थजवळच्या डोंगरात मंडेरिंगला हेलेना नदीवर धरण बांधायचं आणि तिथून पाणी साडेपाचशे किमीच्या आसपास नळाने, तीनशेहून अधिक मीटर उंच चढवत, कालगुर्लीला न्यायचं. रोज ५० लाख गॅलन. वाटेत वाफेवर चालणारी आठ पंपिंग स्टेशनं. १८९० च्या दशकात! एवढ्या लांब आणि इतकं पाणी पंपाने कोणी नेलं नव्हतं.

सर्वांत नाजूक भाग नळाचा होता. तेव्हा लोखंडी पत्रे रिव्हेट मारून जोडायचे आणि प्रत्येक रिव्हेटच्या भोकातून गळती व्हायची. साडेपाचशे किमीत ती गळती सगळी योजना खाऊन गेली असती. मेफन फर्ग्युसन नावाच्या ऑस्ट्रेलियन कारखानदाराने रिव्हेट नसलेला नळ काढला होता. पोलादी पत्र्याचे दोन अर्धगोल, आणि त्यांच्या कडा एका लांब पट्टीच्या खाचेत दाबून बसवायच्या. ३० इंच व्यासाचे असे साठ हजारांवर नळ बनवले. आमच्या वेळच्या कंत्राटदारांनी हे बघितलं असतं तर बरं झालं असतं. (हे अवांतर.)

टीका मात्र भयंकर झाली. लंडनहून कर्ज काढलेलं, राज्याची लोकसंख्या मूठभर. पर्थमधल्या एका वर्तमानपत्राने ओकॉनरवर भ्रष्टाचाराचे आरोप करत मोहीमच चालवली. १९०२ च्या १० मार्चला सकाळी तो घोड्यावरून नेहमीप्रमाणे फ्रीमँटलच्या दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेला आणि त्याने स्वतःचा जीव घेतला. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्याने लिहिलं होतं की योजना ठीक आहे, फक्त आता ती दुसऱ्या कोणा नव्या माणसाकडे द्यावी. शेवटची ओळ धरणाच्या बाजूच्या भिंती लगेच बांधून घ्या अशी सूचना होती. मी ती ओळ वाचली तेव्हा साइटवरच्या कुठल्याही अभियंत्याला ती कळेल असं वाटलं. पुढच्या १९०३ च्या जानेवारीत, भर उन्हाळ्यात, राज्याचा माजी प्रीमियर सर जॉन फॉरेस्टने कालगुर्लीत पाणी सोडलं. आजही गाव त्याच योजनेवर जगतंय.

वाटेत कंडर्डिनला जुन्या पंपिंग स्टेशनमध्ये म्युझियम आहे. मेकरिंगलाही थांबा. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे मोठा भूकंप झाला, तेव्हा पिळवटलेल्या नळाचा तुकडा ठेवलाय.

नित्या_पर्थ | ६ डिसेंबर, दुपारी १२.४०

काका, +१००. फ्रीमँटलच्या खाली ओकॉनरच्या नावाचा किनारा आहे, तिथे पाण्यात घोडेस्वाराचा पुतळा उभा केलाय. कुत्री फिरवायला येतात लोक. इतकी वर्षं इथे राहून त्या चिठ्ठीची शेवटची ओळ मला आज कळली.

इतिहासवेडा | ६ डिसेंबर, रात्री ८.२०

थोडं विषयांतर चालेल ना? नळ यायच्या आधी आणि रेल्वे पोचायच्या आधी या गावांना पीठ, अवजारं, पाणी पुरवलं ते उंटांनी. आणि उंट हाकणारे आले होते अफगाणिस्तान, बलुचिस्तान, पंजाब, सिंध इथून. तिकडे सरसकट सगळ्यांना 'अफगाण' म्हणत. त्यांतले पुष्कळ जण कराची बंदरातून उंटांसकट जहाजात चढले, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. म्हणजे कागदोपत्री ही मंडळी आपल्याच इलाख्यातून गेलेली.

फैझ महोमेट आणि टॅग महोमेट या भावांचा उंटांचा मोठा व्यवसाय होता. १८९६ च्या जानेवारीत कुलगार्डीच्या मशिदीत नमाज पढत असताना टॅगचा खून झाला. मारणाराही उंटवालाच होता, त्याला फाशी झाली. कालगुर्लीचा हॅनन स्ट्रीट एवढा रुंद आहे तो उंटांचा तांडा वळवता यावा म्हणून. अनिकेत, तो 'एक रुंद रस्ता' म्हणजे हा.

कुलगार्डीला उतरलात तर दफनभूमी बघा, उंटवाल्यांच्या कबरी आहेत. १९०७ ची मोदेस्तो व्हारिस्केत्तीची हकिगतही तिथलीच. पुराचं पाणी खाणीत शिरलं आणि हा इटालियन कामगार खाली हवेच्या एका कप्प्यात अडकला. पर्थकडून विशेष गाडीने पाणबुडे आणले. समुद्रापासून एवढ्या लांब, खाणीत पाणबुडे! नऊ दिवसांनी जिवंत बाहेर काढला.

दीप्ती_मेलबर्न | ७ डिसेंबर, सकाळी ६.४५

छान चर्चा. एक बाजू राहिली म्हणून लिहिते. 'सोनं सापडलं' हे आपण हॅननच्या बाजूने सांगतो. त्या भागात वांगकाजा आणि इतर आदिवासी समाज कित्येक पिढ्या राहत होते, खडकातल्या नैसर्गिक टाक्यांत साठणाऱ्या पाण्यावर त्यांचं येणंजाणं ठरलेलं होतं. सोन्यासाठी आलेल्यांनी आणि त्यांच्या जनावरांनी त्याच टाक्या आटवल्या. म्युझियममध्ये या बाजूची दालनं आहेत, सोन्याची तिजोरी बघून लगेच बाहेर पडू नका.

आणि इटालियन कामगाराची सुटका आठवतो तसं हेही आठवावं की १९३४ च्या जानेवारीत, अशाच उन्हात, याच गावात इटालियन आणि युगोस्लाव्ह कामगारांची घरं आणि दुकानं जाळली. एका बारमधल्या भांडणाचं निमित्त होतं, मूळ राग खाणीतल्या नोकऱ्यांचा.

अनिकेत_जी | ७ डिसेंबर, सकाळी ९.१०

हे सगळं मला जायच्या आधी कोणी सांगितलं नाही. पण तरी म्हणेन, गाव हे स्वतःहून काही बोलत नाही. वाचून गेलात तरच मजा.

खाणवाला | ७ डिसेंबर, सकाळी ९.३५

हे मान्य. जेवणाचं राहिलं : भारतीय हॉटेलं आहेत, सुपरमार्केट मोठी आहेत, उपाशी राहणार नाही. विद्यार्थी, नर्सेस, खाणीतले इंजिनिअर असे भारतीयही बरेच आहेत. तिथलं स्कूल ऑफ माइन्स १९०२ पासूनचं आहे. गावाबाहेरच्या झुडपांत मात्र वाट सोडून हिंडू नका, जुने उघडे शाफ्ट असतात. अहोंना मेटल डिटेक्टर घेऊन सोनं शोधायचं मनात असेल तर आधी 'मायनर्स राइट' नावाचा सरकारी परवाना काढावा लागतो, आणि कोणाच्या खाणपट्ट्यात चाललोय तेही बघावं लागतं.

माधवी_ठाणे | ७ डिसेंबर, रात्री १०.००

डिटेक्टरचा उल्लेख करायला नको होता, भाऊ. आता ते दुकानांचे व्हिडिओ बघतायत.

सगळ्यांचे आभार. गाडीने जायचं ठरलं, लेक चालवणार. आल्यावर लिहीन.

माधवी_ठाणे | २३ जानेवारी, दुपारी ४.३०

आलो! फोटो लेक टाकणार आहे, तोवर शब्दांवर भागवा.

पहाटे निघालो. मेकरिंग, कंडर्डिन दोन्हीकडे थांबलो. निवृत्त_अभियंता काका, तुमची पोस्ट मी गाडीत मोठ्याने वाचून दाखवली. साबांचं माहेर माण तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेलेली बाई. तोपर्यंत मागच्या सीटवर डुलक्या काढत होत्या, नळाचं नाव काढल्यावर ज्या जाग्या झाल्या त्या थेट कालगुर्लीपर्यंत. खिडकीतून तो पांढरा नळ दिसला की हात दाखवायच्या. मेरेडिनजवळ लेकाला गाडी थांबवायला लावली, उतरल्या, लांबूनच निरखलं आणि पहिला प्रश्न : "एवढा उघड्यावर टाकलाय, फोडत नाही का कोणी? टँकरवाले काय करतात मग?" लेकाला उत्तर देता येईना.

ऊन. पहिल्या दिवशी ४१. गाडीचं दार उघडलं तेव्हा चेहऱ्यावर जे आलं त्याला मी वारा म्हणणार नाही. चांदेकर, तुम्हाला साष्टांग नमस्कार, पण एक सांगते : सावलीत उभं राहिलं की खरंच सुसह्य होतं. ठाण्याच्या मे महिन्यात मी याहून जास्त वैतागते, कारण तिथे सावलीतही चिकचिक. इथे मीठ चेहऱ्यावर सुकून पांढरं दिसतं. जुन्या इमारतींना रस्त्यावर आलेले रुंद लाकडी व्हरांडे आहेत, त्यांच्याखालून हॅनन स्ट्रीटचं एक टोक ते दुसरं टोक जवळजवळ सावलीतून चालता येतं. मोटेलचा एसी रात्री बंद पडला तो वेगळा भाग, खोली बदलून मिळाली.

माशांच्या जाळ्या पेट्रोल पंपावर घेतल्या. साबांनी आधी नको म्हटलं, मग पाच मिनिटांत पदर तोंडावरून घेतला आणि म्हणाल्या माझी जाळी माझ्याजवळ आहे.

सुपर पिटला गेलो तेव्हा सकाळचे साडेसहा. अनिकेत, माफ करा पण आम्ही तिथे तास-दीड तास होतो. खाणवाला भाऊंनी सांगितलेली ती काळी चौकोनी तोंडं अहोंनी दुर्बिणीतून शोधली, मग आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने. एका बाजूला ओंडके अगदी स्पष्ट दिसले. कोणीतरी कधीतरी ते खांद्यावर वाहून सहाशे फूट खाली नेले असणार, आणि आता ते उघड्यावर लोंबतायत. सुरुंग त्या दिवशी वाऱ्यामुळे रद्द झाला, दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. आधी जमीन उचलल्यासारखी दिसते, तपकिरी धूळ वर चढायला लागते, आणि मग काही सेकंदांनी आवाज. पायाखाली किंचित हादरा. सगळे मोबाइल धरून उभे, आवाज आला तेव्हा निम्म्यांचे हात हलले.

म्युझियमची लाल हेडफ्रेम (शाफ्टवरचा उंच मनोरा) लांबून दिसते. आत तिजोरीच्या खोलीत लगडी आणि खडे. कच्चं सोनं असं असतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. साबांनी एका खड्याकडे बोट करून याचे किती तोळे होतील ते अहोंना विचारलं, त्यांनी सांगितलं, मग त्यांनी ते आजच्या भावाने गुणायला लावलं. दीप्ती, तू सांगितलेली दालनं बघितली. ती बघितल्यावर तिजोरीत परत जावंसं वाटलं नाही.

हॅनन स्ट्रीटवर पॅडी हॅननचा पुतळा आहे, बसलेला, हातात पाण्याची पिशवी. मूळचा १९२९ चा, आणि त्या पिशवीतून लोकांना प्यायचं पाणी यावं अशी रचना केलेली. सोनं शोधणाऱ्याच्या हातात गावाने फावडं न देता पाणी दिलंय! हॅनन स्वतः फार दिवस तिथे राहिलाच नाही म्हणे, पुढे सरकारी पेन्शनवर मेलबर्नला १९२५ साली वारला.

पॅलेस हॉटेलमध्ये एक अवाढव्य कोरीव आरसा आहे. हर्बर्ट हूव्हरने भेट दिला म्हणून सांगतात. हाच पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, तरुणपणी इथल्या खाणींत इंजिनिअर होता. जेवण बरं मिळालं, दोन्ही रात्री वरण-भाताच्या जवळपासचं काहीतरी.

आणि हो, ती पाटी. साबांनी ती पाहिली, इंग्रजी वाचता येत नाही पण चित्र होतं. "उकाडाच तेवढा आहे बाई इथे," एवढंच म्हणाल्या.

गप्पिष्ट | २३ जानेवारी, दुपारी ४.५२

साबांचं स्वतंत्र खातं उघडा इथे. =))

चांदेकर | २३ जानेवारी, संध्याकाळी ६.१५

४१ ला साष्टांग नको, नुसता रामराम पुरे. मस्त लिहिलंय. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

निवृत्त_अभियंता | २३ जानेवारी, रात्री ९.०५

माधवीताई, वाचून समाधान वाटलं. साबांच्या प्रश्नाचं उत्तर : फोडायची गरज पडू नये अशीच पुढे व्यवस्था झाली. योजना खाणींसाठी होती, पण नंतर वाटेतल्या गव्हाच्या पट्ट्यातली गावं आणि शेतं या नळाला रीतसर जोडली. त्या भागातली शेती आणि मेंढ्या बऱ्याच अंशी या पाण्यावर टिकल्या. उघड्यावर टाकलाय त्याचंही कारण आहे. सुरुवातीला तो चरात पुरलेला होता, पण खारट माती लोखंड खाते, आणि गळती कुठे आहे ते दिसत नाही. म्हणून मग वर काढला. माणच्या माहेरवाशिणीला माझा नमस्कार सांगा.

जाई_पुणे | २४ जानेवारी, सकाळी ७.५०

आम्ही जुलैत जायचं बघतोय, हा धागा वाचून. कालगुर्लीच्या पुढे उत्तरेला काही करण्यासारखं आहे का? हूव्हरची खाण तिकडेच ना?

खाणवाला | २४ जानेवारी, दुपारी १२.३०

जाई, हो. हूव्हर ज्या खाणीचा मॅनेजर होता ती 'सन्स ऑफ ग्वालिया', लिओनोराजवळ, कालगुर्लीपासून उत्तरेला २३५ किमीच्या आसपास. १९६३ च्या डिसेंबरमध्ये खाण बंद झाली आणि काही आठवड्यांत गाव रिकामं. पत्र्याची आणि गोणपाटाची घरं जशीच्या तशी ठेवली आहेत, आत जाऊन बघता येतात. हूव्हरच्या घरात राहायचीही सोय आहे.

वाटेत मेंझीजला डावीकडे वळलात तर पन्नासेक किमीवर लेक बॅलर्ड, पांढरंशुभ्र खारं तळं आणि त्यावर ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्म्लीचे ५१ पोलादी पुतळे, एकमेकांपासून लांब लांब उभे. तो रस्ता कच्चा आहे, पाऊस पडला असेल तर जाऊ नका, तळ्याच्या चिखलात बूट राहतो. जुलैत दिवस छान पण रात्री पाच अंशांपर्यंत उतरतं, स्वेटर हवा. मेंझीजला पेट्रोल मिळेलच असं धरून चालू नका, कालगुर्लीतून टाकी भरून निघा, आणि परतताना लिओनोराला पुन्हा भरा.